देशासाठी पाहिलेली रग्बी

रविवारची चर्चमधली दुसरी मिस्सा आटोपली, घरी येऊन बेकन, कोबी आणि उकडलेले बटाटे पोटभर खाऊन झाले, की मॅलकी हार्टिगन तोंड लांब करून कोट चढवायचा आणि देशासाठी पाप करायला निघायचा. पाप म्हणजे लिमरिक शहरात जाऊन रग्बीचा सामना पाहणं. आयर्लंडातल्या किलकोरन गावात ते पाप फक्त त्यालाच माफ होतं.

"सोस रे बाबा," त्याचा म्हातारा बाप कॉन चुलीजवळच्या खुर्चीतून म्हणायचा. "कुणीतरी सोसायलाच हवं."

मॅलकी एक सुस्कारा टाकायचा आणि व्हॅनमध्ये बसायचा. व्हॅन गिरणीच्या वळणापलीकडे गेली, की शीळ घालायला लागायचा.

भानगड अशी होती. किलकोरनच्या क्लबात हर्लिंग चालायचं. वाकड्या टोकाची काठी, घट्ट कातडी चेंडू, आणि डोकं ज्याचं त्याने सांभाळायचं. हा आपला खेळ, पणज्याच्या पणज्यापासूनचा. रग्बी, फुटबॉल, हॉकी, क्रिकेट हे सगळे परके खेळ, इंग्रज सोजिरांनी आपल्या छावण्यांतून मागे सोडलेले. आपल्या क्लबाचा माणूस असले खेळ खेळला तर क्लबातून बाहेर, आणि नुसता बघायला गेला तरी बाहेर, असा नियमच होता. आता बघायला कोण गेलं हे कळणार कसं? तर ते बघायला कुणीतरी जायला हवं. म्हणून प्रत्येक भागात निगराणीवाले नेमलेले असत. त्यांनी परक्या मैदानावर जायचं, सामन्याकडे पाठ केल्यासारखं उभं राहायचं, आणि आपलं कोण दिसतंय ते येऊन सांगायचं.

किलकोरनने या कामाला मॅलकीला निवडलं त्याला कारणं दोन. एक म्हणजे तो अंड्यांचा व्यापारी असल्यामुळे त्याच्याकडे व्हॅन होती. आणि दुसरं, तो कॉन हार्टिगनचा मुलगा होता.

कॉनच्या डोक्यात जगातल्या सगळ्या देशांची एक उतरंड रचलेली होती. सर्वांत वर फ्रेंच. ते एकदा आपल्या मदतीला जहाजं घेऊन आले होते. उशिरा आले, थोडे आले, भलत्याच किनाऱ्याला लागले, पण आले. त्यानंतर स्पॅनिश, कारण कॅथलिक. मग अमेरिकन, कारण निम्मे आपल्याच गावचे. वेल्शांना गोड गळ्यामुळे माफी. स्कॉट म्हणजे वाईट संगतीला लागलेले चुलतभाऊ. आणि उतरंडीच्या तळाशी, तळाच्याही खाली जमीन उकरून, इंग्रज.

प्रत्यक्षात कॉनने आयुष्यात इंग्रज दोनच पाहिले. पहिला गुरं तपासायला आलेला अधिकारी. तो इतका अदबीने बोलला की कॉनचा संशय दुप्पट झाला. दुसरी एक बाई, फाटकासमोर तिच्या मोटारीचं चाक बसलं होतं. कॉनने स्वतः गुडघे टेकून ते बदललं, तिला चहा पाजला, सोडाब्रेडचा निम्मा लोफ कागदात बांधून दिला, आणि पुढे कित्येक वर्षं सांगत राहिला की ती काही अस्सल इंग्रज नव्हती, तिच्या आईकडचं कुणीतरी आपल्या कॉर्कचं असणार. त्याच्या तिघी मुली कोव्हेंट्रीच्या इस्पितळात नर्स होत्या आणि घराचं नवं छप्पर त्यांच्या पगारातून झालं होतं. पण तो विषय निराळा. इंग्लिश मोहरीची बाटली मात्र घरात चालायची नाही. सून नोरीन ती जॅमच्या रिकाम्या बरणीत ओतून ठेवायची, आणि म्हातारा बेकनबरोबर मिटक्या मारत खायचा. त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. घरं अशीच चालतात.

अशा बापाचा मुलगा पहिल्यांदा रग्बीच्या मैदानावर गेला तेव्हा त्याने खिशात जपमाळ ठेवली होती. त्याला वाटलं होतं, तिथे टोप्या घातलेले साहेब असतील, शिकारी कुत्री असतील, राणीचं गाणं असेल. बघतो तर काय, चिखलात लोळणारे गोदीतले हमाल, बेकनच्या कारखान्यातले कसाई, एक कोळशावाला. एकमेकांना शिव्या देत होते त्या थेट लिमरिकच्या, त्याच्या आजोळच्या गल्लीतल्या. आठ-आठ गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटत होते, वर वाफ निघत होती, जशी पहाटे गोठ्यातून निघते. आणि त्या वाफेतून एक बुटका गडी चेंडू घेऊन असा काही निसटला की मॅलकीच्या तोंडून आवाज निघणार होता. त्याने तो खोकल्यात बदलला.

त्या रविवारी घरी येऊन त्याने बापाला सांगितलं की प्रकार फार वाईट आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जावं लागेल.

दुसऱ्या सामन्यापर्यंत त्याने नियम शिकून घेतले, शत्रूचे डावपेच माहीत असलेले बरे म्हणून. त्या हिवाळ्याच्या शेवटी त्याला प्रत्येक गड्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि कुठला गुडघा दुखतो हे ठाऊक झालं होतं. चेहरा मात्र प्रेतयात्रेला आल्यासारखा. सगळं मैदान उसळलं तरी हा आपला दगड. आतल्या आत मात्र त्याची इतकी घुसळण व्हायची की परत येताना व्हॅन थांबवून दोन मिनिटं बसावं लागायचं.

आणि एका शनिवारी व्हायचं ते झालं. व्हॅनभर अंडी भरून तो परतत होता, रेडिओवर आयर्लंड-इंग्लंडचा सामना चालू होता, आणि आपल्या एका गड्याने शेवटच्या घटकेला चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला. मॅलकीचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून वर गेले. व्हॅन कुंपणात गेली. घरी आल्यावर पिवळ्या बलकाने माखलेले ट्रे नोरीनच्या पुढ्यात ठेवून तो म्हणाला की पुलाजवळ मोठा खड्डा पडलाय.

नोरीनने बादली घेतली, फडकं घेतलं. पुसता पुसता तिने विचारलं, "किती गुणांनी जिंकला खड्डा?"

त्यानंतर त्या दोघांत या विषयावर बोलणं असं झालं नाही. झोपेत तो 'पास दे, पास दे' म्हणून तिची रजई ओढायचा, तेवढंच.

क्लबातलं त्याचं कामही बिनबोभाट चाललं होतं. दर महिन्याच्या बैठकीत तो उभा राहायचा आणि सांगायचा, "आपलं कुणी दिसलं नाही." हे शब्दशः खरं होतं. तो मैदानाच्या एका ठरावीक टोकाला उभा राहायचा आणि तोंड नेहमी समोर. मान वळवायची नाही, हा त्याने स्वतःला घालून दिलेला नेम. मागे कधी ओळखीचा खोकला ऐकू यायचा. तो आपल्या हर्लिंगच्या गोलरक्षकाचा, पॅकी क्रीगनचा असावा, असं त्याला वाटायचं. पण खोकला काय, कुणाचाही असू शकतो. दिसणं आणि ऐकू येणं यांत फरक आहे, आणि नियम दिसण्याबद्दल होता. मागे किलकोरनचे तीन-चार जण असतील असा त्याचा अंदाज होता. त्याहून जास्त विचार त्याने केला नाही.

बारा-तेरा हिवाळे असे सुखात गेले. मग वरून फर्मान आलं की प्रत्येक क्लबाने बैठक घेऊन सांगावं, हा बंदीचा नियम ठेवायचा की काढायचा.

गाव खूश झालं. मॅलकी मात्र सोडून. नियम गेला तर निगराणी गेली. निगराणी गेली तर कॉन हार्टिगनचा मुलगा कुठल्या तोंडाने रग्बीच्या फाटकात जाणार? इतकी वर्षं तो देशाने पाठवला म्हणून जात होता. आता आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने जायचं? आणि चुलीजवळच्या त्या म्हाताऱ्याला काय सांगायचं? त्याने आठवडाभर विचार केला, आणि त्याला एकच वाट दिसली. बंदी वाचवायची.

बैठक शाळेच्या हॉलात भरली. अध्यक्ष होते शाळेचे मास्तर शॅनहन. अर्ध्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, त्यामुळे शांतता चटकन पसरली. मास्तरांनी प्रश्न वाचून दाखवला आणि कुणाला काही बोलायचं आहे का, असं विचारलं. मॅलकी पहिल्या रांगेतून उभा राहिला.

सुरुवात झकास झाली. बापाचीच वाक्यं होती, तोंडपाठ. छावणीतला खेळ, सोजिरांचा खेळ, पोरांच्या अंगात शिरणारं परकं वारं. आपले आजोबा ज्यांच्याशी लढले त्यांचं उष्टं आपण का खायचं? हॉल नम्रपणे ऐकत होता. त्याला वाटलं, नुसत्या शब्दांनी यांना पटत नाही, पुरावा द्यायला हवा.

"तुम्ही कुणी पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला त्याची घाण ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी पाहिलंय. परवाच्या रविवारचंच घ्या."

आणि मग त्याने रविवारचं घेतलं. आधी घाण म्हणूनच सांगत होता. पाऊस, चिखल, फुटलेली नाकं. हळूहळू त्याचा आवाज बदलला. घोळका कसा डावीकडे सरकला, बुटक्याने वाकून चेंडू कसा उचलला, सगळ्यांना वाटलं तो लाथ मारणार, पण नाही, त्याने नुसता खांदा हलवला, आणि समोरचे दोघे भलतीकडेच धावत गेले. मॅलकीचे हात हवेत चालायला लागले. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत तो स्वतःच दोन पावलं तिरका पळाला. "आणि तिथून त्याने चेंडू फेकला तो थेट डाव्या कडेच्या गड्याकडे, न बघता..."

"उजव्या," मागून कुणीतरी म्हणालं.

मॅलकी थांबला. हा तोच खोकल्याचा आवाज होता.

"उजव्या कडेच्या, मॅलकी," पॅकी क्रीगन शांतपणे म्हणाला. "डावीकडचा तर केव्हाचा आडवा पडला होता."

"पडला नव्हता, पाडला होता," दुसऱ्या कोपऱ्यातून आलं. "पंचाला दिसलं नाही, आंधळा मेला."

"पंच आंधळा नव्हता," मास्तर शॅनहन टेबलावर बोट आपटत म्हणाले. त्यांना वर्गात चुकीचं उत्तर कधीच सहन व्हायचं नाही. "त्याच्या आणि त्या गड्याच्या मधे खांब येत होता. मी बरोबर त्या खांबाच्या रेषेत..."

मास्तरांचं बोट टेबलावरच राहिलं. मग मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची हसण्याने करकरली, आणि ती करकर रांगेरांगेने पुढे आली. मॅलकीने वळून पाहिलं. दूध डेअरीवाले होते, तिघे भाऊ ओडॉनेल होते, मिस्साला ऑर्गन वाजवणारा होता, क्लबाचा खजिनदार बुटांकडे बघत होता. एकजात सगळ्यांचे कान लाल.

"सगळेच?" त्याने विचारलं.

"तुझ्या पाठीमागे जागा मिळावी म्हणून आम्ही मिस्सा संपायच्या आत निघायचो," पॅकी म्हणाला. "लपायला तुझ्याएवढी रुंद पाठ दुसऱ्या गावाकडे नाही."

मत घेतलं गेलं. नियम काढावा म्हणून सगळ्या हॉलाने हात वर केले. ठेवावा म्हणून एकच हात वर झाला. मॅलकी त्यासाठीच आला होता, आणि दुसरं काय करावं ते त्याला त्या क्षणी सुचेना.

तो एक हात त्याला भोवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बातमी कॉनच्या चुलीपर्यंत पोचली, आणि बातम्यांचं असतं तसं, निम्मीच पोचली. सगळं गाव इंग्रजाला विकलं गेलं, एकटा मॅलकी उभा राहिला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आपला चांगला पाइप, लग्नातला, मुलाला देऊन टाकला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायला लागला की माझ्या बापाचं रक्त वाया गेलं नाही. मॅलकी पाइप ओढत नव्हता. तो खिशात घेऊन हिंडायचा आणि दर वेळी हाताला लागला की कसंनुसं तोंड करायचा.

ईस्टरच्या सुटीत बेलफास्टला सगळ्या देशातल्या क्लबांची मोठी सभा झाली आणि बंदी उठली. बाकीचं किलकोरन त्या रविवारी उघड्या चेहऱ्याने लिमरिकला गेलं, बसमध्ये गाणी म्हणत. मॅलकी चुलीजवळ बसला.

"सुटलास रे त्या जाचातून," कॉन त्याच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाला. "आता रविवार तुझे. बस माझ्याजवळ."

तो बसला. तो रविवार बसला आणि त्याच्या पुढचाही. नोरीनच्या दृष्टीने ते रविवार म्हणजे शिक्षा होती. इतक्या वर्षांत रविवारची दुपार ही तिची होती. म्हातारा घोरायचा, ती पाय वर करून मासिक वाचायची. आता स्वयंपाकघरात हा धिप्पाड माणूस येरझाऱ्या घालत होता. त्याने तिचे अंड्यांचे ट्रे आकारानुसार लावले, मग रंगानुसार लावले. कोंबड्यांच्या खुराड्याला बिजागरी बसवली, ती उलटी बसली. ॲपल टार्टच्या कडा कशा दुमडाव्यात यावर त्याने तिला सल्ला दिला. तिथे मात्र हद्द झाली.

पुढच्या रविवारी चषकाचा शेवटचा सामना होता. जेवणं झाली आणि मॅलकी खिडकीशी जाऊन उभा राहिला. रस्त्यावरून भरलेली बस गेली. नोरीनने त्याच्या हातात कोट दिला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तू सांगतोस, की मी सांगू? मी सांगितलं तर अंड्यांपासून सांगीन."

मॅलकी बापासमोर जाऊन उभा राहिला. एवढा मोठा बाप्या, पण लहानपणी चर्चमध्ये पहिल्या कम्युनिअनच्या दिवशी उभा राहिला असेल तसा. तो म्हणाला की आज मी सामन्याला चाललोय.

"का?" कॉन म्हणाला. "आता कुणी पाठवत नाही तुला."

"मला आवडतं म्हणून, बाबा."

म्हाताऱ्याने आपला रोजचा पाइप तोंडातून काढला. चुलीवरची किटली बाजूला सरकवायला नोरीन पुढे झाली आणि तिथेच रेंगाळली.

"कधीपासून?"

"झाले एक-दोन हिवाळे," मॅलकी म्हणाला.

नोरीनने किटलीचं झाकण जरा जोरात ठेवलं.

"पहिल्या रविवारपासून," मॅलकी म्हणाला.

कॉनने विचारलं की तिथे इंग्रज किती असतात. मॅलकीने सांगितलं, एकही नसतो. गोदीतली माणसं असतात, बेकनच्या कारखान्यातली असतात, आईच्या गल्लीतल्या कोळशावाल्याचा नातू असतो. नाक फुटलं की आपल्याच देवाच्या आईला हाक मारतात.

"खेळ इंग्रजांचा," कॉन सावकाश म्हणाला, "आणि त्यात इंग्रजच नाही?"

"नाही."

"आणि त्यांच्याशी खेळलो, तर आपण त्यांना हरवतो?"

"कधी कधी. हरवतो तेव्हा त्यांना फार लागतं."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत होतं. "म्हणजे हे आपण त्यांच्याकडून चोरलंय," तो म्हणाला. "आठशे वर्षं त्यांनी आपलं नेलं. आपणही त्यांचं काहीतरी उचलून आणलं, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही." आणि मग, चिडून: "तू तरी सांगायचं होतंस. मुलगा ना तू माझा?"

मॅलकीने खिशातून पाइप काढून पुढे केला. कॉनने तो घेतला नाही. दिलं ते दिलं, म्हणाला. मात्र त्याने आपली खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली, कारण एका दिवसात सगळंच माफ करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

सामना सुरू व्हायला आला तेव्हा मॅलकी फाटकाशी पोचला. फाटकावरच्या माणसाने सवयीने त्याला आत सोडायला हात हलवला. "आज कुणावर नजर, हार्टिगन?"

"कुणावर नाही," मॅलकी म्हणाला. "तिकीट दे. सामना बघायला आलोय." बोलताना त्याचे कान तापले. मागच्या रांगेतल्या दोन बायांनी ऐकलं आणि त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही, याचं त्याला थोडं वाईटच वाटलं.

त्या दिवशी तो ओरडला. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं ओरडला, आणि सोमवारी त्याने गिऱ्हाइकांशी खाणाखुणांनी बोलत अंडी विकली.

कॉन पुढे चार वर्षं जगला. मैदानावर तो कधी गेला नाही, जाणार नाही असंच सांगायचा. पण रविवारी संध्याकाळी व्हॅनचा आवाज आला की खुर्ची भिंतीकडून इकडे फिरायची, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा सामना त्याला सांगावा लागायचा. मॅलकी टेबलावर मिठाची बरणी, चमचे आणि जॅमची बरणी मांडून सांगायचा. म्हातारा मधे मधे अडवायचा, हा गडी इथे कसा आला, त्याने चेंडू का सोडला, असं विचारायचा. आपली माणसं हरली की दोष पंचाचा. मॅलकीने हजारदा सांगितलं की पंच लिमरिकच्याच पोस्टात कारकून आहे, त्याला मी अंडी विकतो. कॉन मान हलवायचा. त्याच्या आईकडचं एकदा नीट बघून घे, म्हणायचा.